फुफ्फुसाचा जुना आजार, जाणारा तोल आणि पडण्याची धास्ती

प्रश्न: माझ्या वडिलांचं वय ७१. बऱ्याच वर्षांपासून सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुफ्फुसाचा जुना आजार) आहे, पंप नियमित घेतात. गेल्या सहा महिन्यांत घरातच दोनदा पडले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून त्यांनी धास्तीच घेतली आहे. खुर्चीतून उठायलाही नको म्हणतात. फुफ्फुसाची तपासणी केली तर रिपोर्ट पूर्वीसारखाच आला. मग तोल का जातो? वयामुळे का? आम्ही आता त्यांना एकटं चालू देत नाही, सगळं हातात आणून देतो. हे बरोबर आहे ना?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तेवढं तरी आजच बदलता येईल. सगळं हातात आणून देणं थांबवा. तुम्ही ते काळजीपोटी करता आहात, हे कळतं. पण फुफ्फुसाच्या जुन्या रुग्णाला खुर्चीत बसवून ठेवलं की मांड्यांची ताकद भराभर उतरते, उठताना आधीपेक्षा जास्त धाप लागते, आणि कधीतरी उठावंच लागतं, रात्री लघवीसाठी का होईना, तेव्हा पडण्याचा धोका वाढलेला असतो. वडिलांना चालू द्यायचं आहे. कसं, कशाच्या आधाराने आणि काय तयारी करून, ते खाली सविस्तर लिहिते.

मी श्वसनाच्या रुग्णांची फिजिओथेरपी करते. दम लागतो म्हणून आलेल्या माणसाला "गेल्या वर्षभरात कधी पडलात का?" हे पहिल्याच भेटीत विचारते, कारण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पडणं म्हणजे म्हातारपण, असं समजून लोक गप्प बसतात, आणि डॉक्टरांकडची वेळ खोकला, कफ आणि पंप यांतच संपते.

वयाचा वाटा आहेच, पण सगळा दोष वयावर टाकू नका. त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या तुलनेत सीओपीडी असलेल्यांचा तोल कमी भरतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे. आणि रिपोर्ट पूर्वीसारखा आला, यात नवल नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे ती जोरात फुंकायची तपासणी, हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते एवढंच सांगते. पायांचं तिला काही कळत नाही. फुंकण्याचा आकडा बरा असून डळमळत चालणारे रुग्ण असतात, आणि आकडा वाईट असून पाय रोवून चालणारेही असतात.

मग बिघडतं कुठे? पहिली जागा म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. सीओपीडीमध्ये त्याची ताकद समवयस्कांपेक्षा सरासरी २० ते ३० टक्क्यांनी कमी असते. धापेमुळे हालचाल कमी होते, अंगात दाह असतो, स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स झालेले असतात. सगळ्यांचा मार याच स्नायूवर बसतो. शिवाय त्यातले दमदार, सावकाश थकणारे तंतू कमी होतात आणि लवकर थकणारे उरतात. म्हणून सकाळी ठीक चालणारा माणूस संध्याकाळी किंवा जिना चढून आल्यावर लडखडतो. वडील पडले ती वेळ कोणती होती आणि त्याआधी ते काय करत होते, हे आठवून पाहा. पुष्कळदा उत्तर तिथेच असतं.

दुसरं कारण फुफ्फुसाच्या आजाराचं खास स्वतःचं आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, डायफ्राम, फक्त श्वासासाठी नसतो. आपण हात उचलायच्या क्षणभर आधीच तो आवळला जातो, म्हणजे हात हलला तरी धड जागेवर राहतं. पॉल हॉजेस, सायमन गांडेविया आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निरोगी माणसांवर दाखवून दिलं की श्वासाची गरज मुद्दाम वाढवली, की पडद्याचं धड सावरण्याचं काम कमी होत जातं. श्वास आणि तोल या दोन्ही मागण्या एकदम आल्या तर शरीर श्वासाची आधी भागवतं. निरोगी माणसाला त्यासाठी धावावं लागतं. तुमच्या वडिलांच्या छातीत हवा अडकून राहते, पडदा खाली दबून सपाट झालेला असतो, आणि नुसतं उठून चार पावलं टाकली तरी श्वासाची गरज तिथवर पोहोचते.

त्यात हातांची भर पडते. धाप लागली की हे रुग्ण टेबलाची कड, दाराची चौकट किंवा स्वतःच्या मांड्या घट्ट दाबून धरतात. त्याने खांदे स्थिर होतात, मानेचे आणि छातीचे स्नायू श्वासाला मदत करू शकतात आणि खरंच बरं वाटतं. पण झोक गेला की आपण हात पसरून किंवा काहीतरी पकडून सावरतो. इथे हात आधीच श्वासाच्या कामात गुंतलेले असतात.

बाकीची कारणं पटकन सांगते, पण त्यातलं एखादंच तुमच्या घरातलं मुख्य कारण निघू शकतं. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या, ज्यांच्यामुळे उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम घसरू शकतो. चालताना ऑक्सिजन खाली जाणं. डोळ्यांत मोतीबिंदू, तळपायाला बधिरपणा. खोकल्याच्या मोठ्या उबळीत डोळ्यांपुढे अंधारी येणं. काही जण त्यात क्षणभर शुद्धही हरपतात, आणि घरच्यांना वाटतं की तोल गेला. खोकताना लघवी सुटते म्हणून केलेली घाईही यातच धरा. आणि घरी ऑक्सिजन चालू असेल तर पायात येणारी ती लांब नळी.

आता धास्तीकडे येते. "काही होत नाही, घाबरू नका" म्हणून ती जाणार नाही, कारण वडिलांना दोन भीती एकदम आहेत. एक पडण्याची, दुसरी श्वास अडकण्याची. जमिनीवर पडलो, धाप लागली, उठता आलं नाही आणि जवळ कुणी नसलं तर, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असतं. अनुभवावरून आलेली ही भीती आहे, तिला खोटी ठरवू नका. मात्र ती शरीरात काय करते ते जरूर बघा. घाबरलेला माणूस ताठरतो. घोटा आणि गुडघ्याच्या पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात, पावलं आखूड होतात, नजर पायाच्या बोटांवर खिळते आणि श्वास रोखला जातो. रोखलेला श्वास सोडला की धाप दुप्पट लागते, धाप लागली की भीती वाढते. एकदाही न पडलेल्या रुग्णांमध्येही मी हे पाहते.

भीती मोजण्यासाठी १६ प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली आहे, तिचे गुण १६ ते ६४ असतात. दवाखान्यात ती उपयोगी पडते. घरी तुम्ही एवढंच विचारा: "बाबा, पडाल म्हणून कोणकोणती कामं सोडलीत?" आणि उत्तर मधे न बोलता ऐका. ती यादी लिहून ठेवा, कारण पुढचे व्यायाम त्या यादीवरूनच ठरवायचे आहेत.

तपासणी अवघड नसते. उभं राहण्याच्या चार पायऱ्या असतात: पाय जुळवून, एक पाऊल अर्धं पुढे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, आणि एका पायावर. प्रत्येक पायरीवर १० सेकंद. तिसरी पायरी १० सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका जास्त मानतात. दुसरी चाचणी म्हणजे खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. या चाचण्या पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोरच करा. फुफ्फुसाच्या रुग्णाची तपासणी विश्रांती झाल्यावर एकदा आणि चालून धाप लागलेली असताना पुन्हा एकदा व्हावी, असा माझा आग्रह असतो. आरामात बसून आलेला माणूस टाच-बोट जुळवून छान उभा राहतो आणि सहा मिनिटं चालून आल्यावर त्याच जागी कलंडतो. घरी तो पडतो ते दुसऱ्या अवस्थेत.

आता उपचार. फुफ्फुस पुनर्वसनाचा कार्यक्रम तुमच्या डॉक्टरांनी सुचवला नसेल तर तुम्ही विचारा. चालणं, सायकल, ताकदीचे व्यायाम, श्वासाचं तंत्र असा तो सहसा ६ ते १२ आठवड्यांचा असतो. त्याने धाप कमी होते आणि चालण्याचं अंतर वाढतं. तोल मात्र त्यातून आपोआप फारसा सुधारत नाही. त्याचे व्यायाम वेगळे द्यावे लागतात. कॅनडातल्या मार्ला बोशांप आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, पुनर्वसनाच्या जोडीला आठवड्यातून तीन वेळा तोलाचे व्यायाम केलेल्या सीओपीडी रुग्णांची तोलाच्या चाचण्यांमधली प्रगती नुसतं पुनर्वसन केलेल्यांपेक्षा चांगली होती. म्हणून केंद्रात गेल्यावर स्पष्ट सांगा, "हे दोनदा पडले आहेत, तोलाचे व्यायामही हवे आहेत."

मी स्वतः सुरुवात खुर्चीतून उठण्यापासून करते, आणि त्यावर पुष्कळ वेळ देते. धाप लागणारा माणूस कसा उठतो ते नीट पाहा. "धाप लागायच्या आत उरकून टाकू" असा त्याचा हिशेब असतो. तो श्वास धरतो, हातांच्या रेट्याने एका झटक्यात उभा राहतो, रक्तदाब सावरायच्या आत वळतो आणि वळताना एक पाय दुसऱ्यात अडकतो. पडणं या तीन-चार सेकंदांत घडतं. हीच क्रिया सुटी करून शिकवायची. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकून बसा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. नाकाने श्वास घ्या. आता ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे करून श्वास सोडत सोडत पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत, आणि सोडत असतानाच उठा. उभे राहिल्यावर पायांच्या मागच्या बाजूला खुर्ची लागत राहू द्या आणि तिथेच थांबून दोन पूर्ण श्वास घ्या. चक्कर नाही, श्वास आटोक्यात आहे, अशी खात्री झाल्यावर पहिलं पाऊल. वळायचं ते टाचेवर गिरकी घेऊन नाही, छोटी छोटी पावलं टाकत.

घरात सगळ्यांनी एकच वाक्य पाठ करा: आधी श्वास, मग पाऊल. "सांभाळून! पडाल हं!" हे वाक्य बंद करा. ते ऐकून माणूस ताठरतो आणि श्वास रोखतो, म्हणजे नको तेच होतं.

उठणं-बसणं सुरळीत झालं की उभ्याचे व्यायाम. ओट्यासमोर किंवा भक्कम टेबलासमोर उभं राहायचं, मागे खुर्ची ठेवायची. आधी दोन्ही हात टेकवून, मग एक हात, मग फक्त बोटं. पाय जुळवून उभं राहणं, टाचा उचलणं, आडवी पावलं टाकणं. आडव्या पावलांवर माझा भर जास्त असतो, कारण सीओपीडीच्या रुग्णांचा झोक बाजूला जास्त जातो आणि साध्या सरळ चालण्याने खुब्याच्या बाजूच्या स्नायूंना पुरेसं काम मिळत नाही. त्यानंतर चालता चालता बोलणं, हातात हलकी वस्तू घेऊन चालणं. धापेकडे लक्ष असलं की पायांकडे कमी राहतं. लक्ष वाटलं गेलं तरी तोल टिकावा, यासाठी हा सराव. पुढची पायरी, म्हणजे मुद्दाम हलका धक्का देऊन पाऊल टाकून सावरायला शिकवणं, ही फिजिओथेरपिस्टनेच करायची. घरी करू नका.

एका बैठकीत अर्धा तास व्यायाम त्यांना झेपणार नाही आणि गरजही नाही. पाच-दहा मिनिटांचे तुकडे करा, दिवसातून तीन-चार वेळा. ज्येष्ठांवरच्या अभ्यासांत आठवड्याला एकूण तीन तासांच्या आसपास तोलाचा व्यायाम झाला की पडणं कमी होण्यात चांगला फायदा दिसतो. तिथे हळूहळू पोहोचायचं. धाप ० ते १० या मापात (० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे असह्य) ३-४ पर्यंत गेली तरी चालेल. थोडी धाप लागलीच पाहिजे, ती लागू नये म्हणून थांबत राहिलं तर फायदा होणार नाही. डॉक्टरांनी व्यायामाआधी पंप घ्यायला सांगितला असेल तर तो वेळेवर घ्या. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जवळ ठेवा आणि किती आकड्याखाली थांबायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. व्यायामात साधारणपणे ८८ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत. घरी ऑक्सिजन चालू असेल तर त्याचा प्रवाह आपल्या मनाने वाढवू नका. काही सीओपीडी रुग्णांमध्ये जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि गुंगी येते.

आधाराच्या साधनाबद्दल. वडिलांना "वॉकर म्हणजे संपलं सगळं" असं वाटत असेल, तर त्यांना एकदा चाकांचा, ब्रेक आणि बसायची जागा असलेला वॉकर वापरून पाहू द्या. त्यावर हात टेकून किंचित पुढे झुकलं की खांद्यांना आधार मिळतो, श्वास हलका होतो आणि बऱ्याच रुग्णांचं चालण्याचं अंतर लगेच वाढतं. दमलं की तिथेच बसताही येतं, फक्त बसण्याआधी ब्रेक लावायचे. पावलागणिक उचलून ठेवायचा बिनचाकी वॉकर मात्र या आजारात हातांना आणि श्वासाला थकवतो. मी तो क्वचितच देते. काठी घेतली तर तिची मूठ मनगटाच्या घडीएवढ्या उंचीवर यावी आणि ती कमजोर पायाच्या विरुद्ध हातात असावी.

त्यांच्यासोबत चालताना हात धरून ओढू नका, दंडही धरू नका. थोडं मागे आणि बाजूला राहा. बोलत चालण्याचा सराव सोडला तर एरवी चालणं चालू असताना त्यांना प्रश्न विचारू नका. बोलायचं असेल तर थांबा, उभे राहा, बोला. घरातले बदल साधेच आहेत: रात्री पलंगापासून शौचालयापर्यंत उजेड, मागून बंद असलेली न घसरणारी पादत्राणं, न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि बसून अंघोळ करण्यासाठी भक्कम बैठक. टॉवेलच्या दांड्याला धरायची सवय असेल तर मोडा. तो वजन पेलत नाही. ऑक्सिजनची नळी नेहमी एकाच हाताला ठेवावी आणि वळण्याआधी ती बाजूला घ्यावी.

आता ज्या गोष्टीने धास्ती सगळ्यात जास्त उतरताना मी पाहिली आहे ती: जमिनीवरून उठायला शिकवणं. धाप लागणाऱ्या माणसाला उताणं पडून राहणं सहन होत नाही, म्हणून आधी कुशीवर वळायचं. मग कोपरावर, मग हातावर रेटून बसतं व्हायचं. इथे थांबायचं, पाठ कशाला तरी टेकवून श्वास खाली येऊ द्यायचा. यात पाच मिनिटं गेली तरी हरकत नाही. नंतर गुडघ्यांवर येऊन खुर्चीपर्यंत सरकायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, मजबूत पायाचं पाऊल पुढे रोवायचं आणि श्वास सोडत उठून वळून बसायचं. शिकवताना मी हा क्रम उलटा घेते: आधी खुर्चीवरून एक गुडघा टेकणं आणि परत उठणं, ते जमलं की दोन्ही गुडघे, अगदी शेवटी जमीन. पहिली तालीम फिजिओथेरपिस्टसोबत करा. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ झालेली असतील, गुडघे किंवा खुबा दुखत असेल, तर क्रम बदलावा लागतो. पडल्यावर कुणाला कसं बोलवायचं तेही ठरवून ठेवा. फोन गळ्यात किंवा खिशात हवा, टेबलावर नको.

आजार उसळला, म्हणजे कफ-धाप वाढून औषधं वाढवावी लागली किंवा दवाखान्यात राहावं लागलं, की त्यानंतरचे काही आठवडे सगळ्यात जोखमीचे. काही दिवसांतच मांड्यांची ताकद लक्षणीय उतरते. घरी आल्यावर "पूर्वी करत होते तेच" सुरू करू नका. दोन पायऱ्या मागे जाऊन, दोन्ही हातांच्या आधाराने पुन्हा सुरुवात करा, पण डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर लगेच करा.

काही प्रसंगी मात्र व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पडताना किंवा खोकताना शुद्ध गेली, डोक्याला मार लागला (रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बाहेरून काही दिसत नसलं तरी), छातीत दुखलं, एका बाजूचा हातपाय किंवा बोलणं लुळं पडलं, नवीन गोंधळलेपणा किंवा दिवसा गुंगी आणि सकाळी डोकेदुखी सुरू झाली, किंवा पाठीत एकाएकी टोचणारी वेदना उठली. स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये साध्या पडण्यानेही, कधी नुसत्या खोकल्यानेही पाठीचा मणका दबतो आणि ती वेदना "लचक" म्हणून अंगावर काढली जाते.

पुढच्या भेटीला जाताना दोन्ही पडण्यांची वेळ, जागा, त्याआधी काय चाललं होतं आणि चक्कर किंवा धाप आधी आली का, हे एका कागदावर लिहून न्या. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या गोळ्यांसकट सगळी औषधं पिशवीत घालून न्या. आडवं झोपवून आणि मग उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर औषधं तपासावी लागतात, पण कोणतीही गोळी तुम्ही परस्पर बंद करू नका. हाडांच्या घनतेची तपासणी, ड जीवनसत्त्व, डोळ्यांची तपासणी आणि चालतानाचा ऑक्सिजन, हे चारही विषय त्याच भेटीत काढा. तोवर घरी रोज तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी झेपेल तेवढं, फक्त खुर्चीतून श्वास सोडत उठण्याचा आणि उभं राहून दोन श्वास घेण्याचा सराव चालू ठेवा, खुर्ची भिंतीला टेकवून आणि तुम्ही जवळ उभं राहून.